मोबाईल चार्ज होत नाही? दुकानात जाण्याआधी हे तपासा

वडोदरा : ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि बडोद्यात अनेक घरांत पाणी शिरलं. अशा पाण्यात मोबाईल भिजला की चार्जिंग पोर्ट हमखास दगा देतो. पूर नसला तरी खिशातली धूळ, पाऊस आणि केबलची ओढाताण यांनी तो बिघडतोच. पैसे, ओटीपी, कागदपत्रं सगळं मोबाईलमध्येच. तो बंद पडला की कामं अडलीच म्हणून समजा.

नेमकं काय बिघडतं?

जुन्या मायक्रो-यूएसबी पोर्टमध्ये ५ पिना असत. टाइप-सीमध्ये २४ असतात, १२-१२ च्या दोन ओळींत. म्हणूनच केबल उलटसुलट कशीही बसते. ती एकाच बाजूने लावल्यावर चार्जिंग होत असेल, तर आधी दुसरी केबल लावून बघा. तरीही तेच झालं, तर पोर्टमधली एखादी पिन मळली किंवा झिजली असण्याची शक्यता जास्त. ओल्या पोर्टला चार्जर लावला तर पिना झपाट्याने गंजतात.

घरी काय करावं?

• केबल सैल बसत असेल तर आत कचरा दाबला गेलेला असतो. मोबाईल बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सुई, टाचणी नको.
• भिजला असेल तर पोर्ट खाली धरून हळूच झटका, हवेशीर जागी वाळू द्या. तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जातात. हेअर ड्रायरही नको.
• पाठ फुगलेली दिसली तर चार्ज करूच नका. बॅटरी फुगलेली असू शकते.

दुकानात काय विचारावं?

अनेक मोबाईलमध्ये पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर असतो. तो बोर्ड बदलला की काम होतं. काहींमध्ये तो मुख्य बोर्डलाच डाग दिलेला असतो. तिथे गरम हवेच्या मशीनने काढून नवा बसवावा लागतो, म्हणून हात सराईत हवा. तुमच्या मोबाईलमध्ये काय आहे ते आधी विचारा, खर्च ठरवून घ्या, जुना पोर्ट परत मागा. वॉरंटी असेल तर आधी कंपनीचं सेवा केंद्र गाठा. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलंय, तेही बघून ठेवा.

आणि हो, थोडी बॅटरी शिल्लक असतानाच फोटो, नंबर दुसरीकडे उतरवून घ्या. पोर्ट नवा मिळतो, गेलेले फोटो नाही.