वाटीभर पाण्याची दाढी

ट्यूबमधल्या क्रीमला फेस लवकर येतो. साबणाच्या वडीतून तो काढावा लागतो, आणि त्या कामात साबणापेक्षा पाण्याचा वाटा मोठा. महाड-पोलादपूरकडच्या माणसाला हे पटवावं लागू नये. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलून पोलादपूरच्या डोंगरवाड्या एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. कुठलं पाणी, किती आणि कशाला, हा हिशेब तिथं घरोघरी असतो. दाढीलाही तोच हिशेब लागतो.

पहिला प्रश्न कुठल्या पाण्याचा. तेलातली किंवा चरबीतली आम्लं अल्कलीशी जुळली की साबण होतो. दाढीच्या चांगल्या वडीत स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, त्यानं फेस दाट होतो आणि टिकतो. कॉस्टिक सोड्याच्या जोडीला पोटॅश वापरलं असेल तर वडी मऊ राहते आणि ब्रशवर चटकन उतरते. अंगाच्या साबणाचाही फेस भराभर येतो, पण मोठ्या बुडबुड्यांचा, आणि वस्तरा गालावर पोचेपर्यंत बसलेला. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असले की ते साबणातल्या आम्लांना धरून ठेवतात आणि न विरघळणारा साका होतो. बादलीच्या कडेला धरणारा राखाडी थर तो हाच. जेवढा साबण साक्यात गेला तेवढा फेसातून वजा.

पागोळीचं पाणी मऊ असतं, बोअरचं खडकाच्या फटींत राहून आलेलं असल्यानं बहुधा जड. खात्री करायची तर बाटलीत थोडं पाणी आणि साबणाचा कीस घालून जोरात हलवा. वर फेस आणि खाली नितळ पाणी राहिलं तर काळजी नाही. पाणी दुधट झालं, कडेला कण दिसले, तर ते उकळून, निवळून घ्या. जडपणा सगळा नाही तरी बराचसा उतरतो. महाडजवळ सव इथं गरम पाण्याचे झरे आहेत. गरम पाणी आयतं मिळतंय म्हणून तिथं साबण नेऊ नये. अशा झऱ्यांच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात आणि खारट पाण्यात साबण नीट विरघळतच नाही. साबण बनवणारे तर कढईतला साबण वेगळा काढण्यासाठी मुद्दाम मीठ घालतात.

आता ब्रश. डुकराच्या केसांचा असेल तर दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा. ते केस पाणी पितात. कोरडा ब्रश थेट वडीवर फिरवला तर तुमच्या फेसातलं पाणी तोच पिऊन टाकतो. नायलॉनच्या ब्रशाला हे लागत नाही, नुसता ओला केला की झालं. नवा ब्रश आधी साबणानं दोन-तीनदा धुवावा, वास जातो. (पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या नीट निर्जंतुक न केलेल्या ब्रशांमुळे इंग्लंड-अमेरिकेत माणसांना अँथ्रॅक्स झाला होता. तेव्हा ब्रश स्वच्छ हवा हा नुसता टापटिपीचा आग्रह नव्हे.)

ब्रश बाहेर काढून दोन-तीनदा झटका. ओला हवा, गळता नको. बहुतेकांचं इथंच बिनसतं: निथळता ब्रश वडीवर फिरवायचा, वर आलेला पांढरा फुगा बघून खूश व्हायचं आणि तोच गालाला फासायचा. त्या फुग्यात साबण नावाला असतो. झटकलेला ब्रश वडीवर गोल-गोल निदान अर्धा मिनिट फिरवा. आधी बुडबुडे येतील, मग केसांच्या टोकांवर घट्ट, चिकट लगदा जमेल. तो लगदा म्हणजे तुमचं भांडवल.

हा ब्रश आता वाटीत किंवा सरळ ओल्या गालावर फिरवायचा. गालावर घोटलेलं मला जास्त पसंत, खुंटांच्या मुळापर्यंत पाणी जातं. लगदा पसरला की ब्रशाचं फक्त टोक पाण्याला लावा, पुन्हा घोटा. पुन्हा टोक, पुन्हा घोटा. तीन-चार वेळा असं केलं की फेसाचा नूर पालटतो: बुडबुडे दिसेनासे होतात, चमक येते आणि ब्रश उचलला की श्रीखंडासारखं टोक उभं राहून किंचित वाकतं. चमक नसेल, गाल ओढल्यासारखा वाटत असेल, तर अजून पाणी हवं. फेस ओघळत असेल, बुडबुडे मोजता येत असतील, तर साबण कमी पडलाय. पुन्हा वडीकडे जा. एकदम पाणी ओतून ही वाट लवकर संपत नाही, कारण हवेचे बारीक कण साबणाच्या पातळ पडद्यात अडकायला घोटणंच लागतं.

एवढी खटपट कशाला, तर कोरडा खुंट चिवट असतो. दोन-तीन मिनिटं पाणी मुरलं की तो मऊ पडतो आणि पात्याला बराच कमी जोर लागतो. फेस ते पाणी खुंटावर धरून ठेवतो आणि पात्याखाली कातडीला घसरण देतो. उन्हाळ्यात, डोंगरांच्या कोंडाळ्यातल्या महाडच्या उकाड्यात, एका गालाची दाढी होईतो दुसऱ्यावरचा फेस सुकतो. म्हणून मार्चनंतर पाणी दोन थेंब जास्तच.

या भागातल्या सलूनमध्ये नाभिक समाजाच्या संत सेना महाराजांची तसबीर दिसते, कुठं अफजलखान भेटीच्या वेळी प्रतापगडाशी शिवाजी महाराजांना वाचवणाऱ्या जिवा महालाचीही. तो प्रतापगड पोलादपूरहून आंबेनळी घाटानं वर गेलं की लागतो. सलूनची खुर्ची आज कायद्यानं कुणालाही मोकळी आहे. २० मार्च १९२७ ला याच महाडात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या काळात अनेक गावांत दलितांची दाढी करायलाही नकार मिळे. आता सलूनमध्ये वडीची जागा बहुतेक क्रीमनं घेतली आहे, पण कसलेल्या कारागिराचा हात पाहा: क्रीम असो की वडी, पाण्याचे थेंब तो बोटानं शिंपडतो, मग खुर्चीतल्याशी गप्पा मारत घोटत राहतो.

दाढी झाली की तुरटी फिरवा. ब्रश स्वच्छ धुवा, कारण मुळाशी राहिलेला साबण केस ठिसूळ करतो. मग झटकून, केस खाली करून टांगा. आषाढात इथं काहीच वाळत नाही, तेव्हा ब्रश न्हाणीत न ठेवता चुलीच्या उबेला नाहीतर पंख्याच्या वाऱ्याला ठेवावा, आणि वडीच्या डबीत साचलेलं पाणी ओतून झाकण उघडंच टाकावं. नाहीतर श्रावणापर्यंत अर्धी वडी डबीच्या तळाशी विरघळून जाते.