आभासी वाटेवरची खरी परीक्षा

मोटार चालवण्याच्या परीक्षेत नापास झालेला माणूस बसने किंवा रिक्षाने घरी जातो आणि काही दिवसांनी पुन्हा परीक्षेला बसतो. परंतु ज्याचे पाय निकामी झाले आहेत आणि ज्याच्या दंडांत साधी व्हीलचेअर ढकलण्याचेही बळ उरलेले नाही, असा रुग्ण विद्युतचलित व्हीलचेअरच्या चाचणीत नापास ठरला तर? त्याच्या दृष्टीने तो निकाल म्हणजे पलंगापासून खिडकीपर्यंत जाण्यासाठीही दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहणे होय. म्हणूनच ही चाचणी कशी घ्यावी, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. पुनर्वसनशास्त्रातील काही संशोधक त्याचे उत्तर व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत, म्हणजे संगणकाने उभ्या केलेल्या आभासी जगात शोधत आहेत.

छोटी जॉयस्टिक, अवजड खुर्ची

दुसऱ्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय लुळे पडलेल्या कॅनडाच्या सैनिकांसाठी तेथील नॅशनल रिसर्च कौन्सिलमधील अभियंते जॉर्ज क्लाइन यांनी विद्युतचलित व्हीलचेअर विकसित केली. १९५६ साली अमेरिकेतील एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज कंपनीने अशा खुर्च्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. पुढे यंत्र सुधारत गेले. ते कोणाच्या हाती निर्धास्तपणे सोपवावे, हा प्रश्न मात्र कायम राहिला.

ही खुर्ची चालवणे वरकरणी सोपे दिसते. जॉयस्टिक जितकी पुढे कलवावी, तितका वेग वाढतो. बाजूला कलवली की डाव्या आणि उजव्या चाकांच्या मोटारी वेगवेगळ्या गतीने फिरतात व खुर्ची वळते. परंतु बॅटऱ्यांसह अशा खुर्चीचे वजन बहुधा शंभर किलोंच्या पुढे जाते. दिशा उलटी करताना छोटी फिरती चाके आधी गर्रकन वळतात आणि खुर्चीला क्षणभर हिसका बसतो. दाराच्या चौकटीतून जाताना दोन्ही बाजूंच्या अंतराचा अंदाज सतत घ्यावा लागतो. हाताची थरथर, दृष्टिदोष किंवा मेंदूला झालेली इजा आड आली, तर भिंत, स्वतःची पावले किंवा समोरून येणारे मूल यांपैकी कोणाला तरी धक्का बसण्याची भीती असते.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत २०० चिकित्सकांना त्यांचे अनुभव विचारण्यात आले. प्रशिक्षण घेतलेल्या रुग्णांपैकी ९ ते १० टक्के रुग्णांना ही खुर्ची दैनंदिन व्यवहारात वापरणे अत्यंत कठीण किंवा अशक्य होते, असे त्यांनी सांगितले. खुर्ची वळवणे आणि अडचणीच्या जागेतून काढणे, एवढ्यापुरता प्रश्न विचारल्यावर हे प्रमाण ४० टक्क्यांवर गेले.

प्रत्यक्ष चाचणीतील अडचण

यासाठी प्रमाणित चाचण्या नाहीत असे नव्हे. ‘पॉवर मोबिलिटी रोड टेस्ट’ या चाचणीत रुग्णाला १६ कामे करावी लागतात. सरळ जाणे, मागे येणे, काटकोनात वळणे, दारातून जाणे अशी १२ कामे ठरावीक असतात. उरलेली चार अनपेक्षित अडथळ्यांची, उदाहरणार्थ समोरून चालत येणाऱ्या माणसाला टाळण्याची असतात. प्रत्येक कामाला १ ते ४ गुण मिळतात.

अडचण अशी की, चालवता येते की नाही हे ठाऊक नसलेल्या माणसालाच अवजड यंत्रावर बसवून ही परीक्षा घ्यावी लागते. त्याच्या शरीराला आणि हातांना जुळेल अशी खुर्ची आधी उपलब्ध हवी. शिवाय खरा धोका परीक्षकाला निर्माण करता येत नाही. वर्दळीच्या रस्त्यावर रुग्ण कसा वागेल, हे पाहण्यासाठी त्याला वर्दळीत ढकलणे कोणत्याही वैद्यकीय नीतीत बसणार नाही. नेमक्या याच ठिकाणी आभासी जग उपयोगी पडते.

चुकण्याची मोकळीक

अशा सिम्युलेटरमध्ये रुग्णाच्या हाती जॉयस्टिक असते आणि पुढे संगणकाचा पडदा किंवा डोळ्यांवर चढवलेला हेडसेट. जॉयस्टिकची हालचाल संगणकाकडे जाते. खुर्चीचे वजन, गती आणि चाकांचे वर्तन यांच्या गणिती प्रारूपावरून ती कोठे पोहोचेल हे संगणक काढतो व त्यानुसार दृश्य बदलतो. हे चक्र सेकंदात अनेक वेळा पूर्ण होते. धडक बसली तरी कोणी जखमी होत नाही, आणि परीक्षकाच्या नजरेतून सुटणाऱ्या गोष्टी आपोआप नोंदल्या जातात: किती वेळ लागला, वाट किती सोडली, जॉयस्टिक किती वेळा अनावश्यक हलवली, किती वेळा व कोणत्या बाजूला धक्का बसला.

या क्षेत्रात अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ह्यूमन इंजिनिअरिंग रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेचे काम उल्लेखनीय आहे. तिचे संस्थापक रोरी कूपर हे स्वतः व्हीलचेअर वापरतात. सैन्यात असताना १९८० साली झालेल्या अपघातात त्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली. १९८८ च्या सोल पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. या संस्थेतील संशोधकांनी वर उल्लेखिलेली रोड टेस्टच आभासी जगात उतरवली आणि निरनिराळ्या परीक्षकांनी दिलेले गुण एकमेकांशी कितपत जुळतात, हेही तपासले.

पक्षाघाताच्या रुग्णांबाबत फिलाडेल्फियातील मॉस पुनर्वसन संशोधन संस्थेच्या लॉरेल बक्सबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम महत्त्वाचे ठरले. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यावर काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे शाबूत असूनही ताटातील डावी बाजू, म्हणजे चटणी-कोशिंबीर, तशीच राहते. असा रुग्ण कागदावरच्या चाचण्यांत कधीकधी उत्तीर्ण होतो आणि खुर्चीवर बसताच डावीकडच्या चौकटीला धडकतो. बक्सबॉम यांच्या चाचणीत रुग्ण आभासी वाटेने व्हीलचेअरवरून जातो आणि दुतर्फा दिसणारी झाडे व प्राण्यांचे पुतळे ओळखून सांगतो. कागदी चाचण्यांतून सुटणारा दोष येथे अधिक चांगल्या रीतीने पकडला जातो, असे आढळले.

निकाल कसा वाचावा?

तरीही पडद्यावरचे जग खऱ्या जगाची तंतोतंत प्रतिकृती नव्हे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिलिप आर्शांबो यांच्या गटाने तयार केलेल्या ‘मायवी’ सिम्युलेटरवर सराईत व्हीलचेअर चालकांची कामगिरी प्रत्यक्षाशी ताडून पाहण्यात आली. सोप्या कामांत ती बरीचशी जुळली. अवघड कामांत मात्र आभासी जगात जॉयस्टिक अधिक वेळा हलवावी लागली. याची कारणे समजण्यासारखी आहेत. सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज नीट येत नाही, डोळ्यांच्या कडेने दिसणारे दृश्य तुटते आणि खुर्चीचा हिसका शरीराला जाणवत नाही. डोळे म्हणतात आपण हलतो आहोत, कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय म्हणते आपण स्थिर आहोत. या विसंगतीमुळे काहींना मळमळते.

यातून निघणारा निष्कर्ष साधा, पण मोलाचा आहे. वर्षानुवर्षे खुर्ची वापरणारे चालकही जेथे अडखळतात, तेथे नवा रुग्ण अडखळला म्हणून त्याला अपात्र ठरवणे अन्यायाचे होईल. सिम्युलेटरवरील चांगली कामगिरी ही प्रत्यक्ष खुर्चीवर पुढचे पाऊल टाकण्याची अनुमती मानता येईल. वाईट कामगिरी हा मात्र अंतिम निकाल मानता येणार नाही. दोष हाताचा, डोळ्यांचा, लक्षाचा की यंत्राच्या मांडणीचा, याचा माग काढण्यासाठी ती वापरावी. हाताऐवजी हनुवटीने, डोक्याच्या हालचालीने किंवा नळीतून श्वास ओढून-सोडून खुर्ची चालवण्याचे पर्याय आज आहेत. त्यांतला कोणता जुळतो हे पाहण्यासाठी आणि पुन्हापुन्हा सराव करण्यासाठी आभासी वाट उत्तम आहे.

अखेरचा निर्णय मात्र खऱ्या खुर्चीवर, खऱ्या उंबरठ्याशीच व्हायला हवा. कारण रुग्णाला पडद्यावरच्या नव्हे, तर आपल्या घरातल्या खिडकीपर्यंत जायचे असते.