स्वस्त रोपापासून बोन्साय : जपानी मेपलचा धडा आणि महादेवपुऱ्यातला नांद्रुक

या पाठातून काय शिकायचे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत : (१) रोपाचे खोड कशामुळे जाड होते, (२) छाटणीनंतर बाजूचे डोळे का फुटतात, (३) जपानी मेपल बेंगळुरूसारख्या हवेत का टिकत नाही, (४) तेथे त्याऐवजी कोणते रोप घ्यावे आणि ते टप्प्याटप्प्याने कसे घडवावे.

१. प्रस्तावना

महादेवपुरा हा बेंगळुरूच्या पूर्वेकडील भाग. व्हाइटफील्डच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांमुळे देशभरातून आलेली तरुण मंडळी येथे उंच इमारतींमध्ये राहतात. बाग म्हणजे बाल्कनी. अशा बाल्कनीत एखादा बोन्साय असावा असे अनेकांना वाटते, आणि डोळ्यांसमोर बहुधा शरद ऋतूत लालभडक होणारा जपानी मेपल असतो. तयार बोन्साय महाग, म्हणून नर्सरीतून साधे रोप आणून ते स्वतः घडवावे असा विचार पुढे येतो.

हा विचार चुकीचा नाही. जगातील असंख्य चांगले बोन्साय नर्सरीतील सामान्य रोपांपासूनच तयार झाले आहेत. परंतु रोप कोणते घ्यावे आणि त्यावर आधी कोणते काम करावे, या दोन प्रश्नांची उत्तरे चुकली तर पैसे थोडे जातात, वर्षे मात्र पुष्कळ जातात. स्वस्त रोपाची खरी किंमत वेळ आहे, हे या पाठाचे मुख्य सूत्र आहे.

२. बोन्साय म्हणजे काय

बोन्साय या जपानी शब्दाचा अर्थ ‘उथळ कुंडीत लावलेले’ असा आहे. ही कला चीनमध्ये उगम पावली आणि जपानमध्ये तिला आजचे रूप मिळाले. मराठीत तिला वामनवृक्षकला असेही म्हणतात. बोन्साय ही झाडाची वेगळी जात नव्हे. जमिनीत लावले तर तेच झाड पुन्हा मोठे होते. ते लहान राहते ते छाटणी, मुळांची मर्यादित जागा आणि योग्य निगा यांमुळे. झाडाला उपाशी ठेवून बोन्साय होतो ही समजूतही खरी नाही. उपाशी झाडाला छाटणी सोसत नाही.

प्रेक्षकाला लहान झाड ‘जुने’ वाटते ते चार गोष्टींमुळे : बुंध्याशी पसरलेली मुळे, बुंध्याशी जाड व वर निमुळते होत जाणारे खोड, खालपासून सुरू होणाऱ्या फांद्या आणि बारीक डहाळ्या. साधारण नियम असा की खोडाची बुंध्याशी जाडी उंचीच्या एक षष्ठांश असावी. म्हणजे ३० सेंमी उंचीच्या बोन्सायला ५ सेंमी जाड बुंधा हवा. नर्सरीतील स्वस्त रोपाचे खोड बहुधा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाडीचे असते. त्यामुळे पहिले काम लहान करणे हे नसून जाड करणे हे आहे.

३. शरीरक्रियेतील दोन तत्त्वे

*जाडीचे तत्त्व.* साल आणि लाकूड यांमध्ये ऊतककर नावाचा पेशींचा पातळ थर असतो. तो दरवर्षी आतल्या बाजूस नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूस नवी अंतर्साल तयार करतो. त्यासाठी लागणारे अन्न पानांत तयार होते. शिवाय प्रत्येक पानाला पाणी पोचवण्यासाठी खोडात तेवढ्या वाहिन्या लागतात. १९६४ साली शिनोझाकी आणि सहकाऱ्यांनी मांडलेले ‘नलिका प्रतिमान’ हेच सांगते : एखाद्या जागी खोडाचा वाहता छेद किती हे त्या जागेच्या वर किती पाने आहेत यावर ठरते. म्हणून पाने जितकी जास्त, तितके त्यांच्या खालचे खोड जाड होत जाते.

यावरून नवशिक्याची सर्वांत मोठी चूक कळते. तो रोप आणताच सुंदर उथळ कुंडीत लावतो आणि दर आठवड्याला शेंडे खुडतो. पाने कमी, मुळांना जागा कमी, म्हणून खोड काडीसारखेच राहते. पाच वर्षांनीही ते कुंडीतील काडीच असते.

*अग्रवर्चस्वाचे तत्त्व.* शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन खाली वाहते आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते. मुळांकडून येणारे सायटोकायनिन त्या डोळ्यांना फुटण्यास मदत करते. शेंडा कापला की ऑक्सिनचा पुरवठा थांबतो आणि खालचे डोळे फुटतात. एका फांदीच्या दोन, दोनाच्या चार अशा डहाळ्या यातूनच मिळतात. म्हणजे वाढू देणे आणि कापणे ही दोन वेगळ्या वेळची कामे आहेत : जाडीसाठी वाढू द्यावे, डहाळ्यांसाठी कापावे.

४. मेपलच्या रोपावर ही तत्त्वे कशी वापरतात

जपानी मेपलचे शास्त्रीय नाव ॲसर पाल्मेटम. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग याने १७८४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. थंड प्रदेशातील नर्सरीत त्याची रोपे दोन प्रकारची असतात. बियांपासून वाढवलेली हिरव्या पानांची रोपे स्वस्त असतात आणि बोन्सायसाठी तीच बरी. लाल किंवा चिरलेल्या पानांचे नामांकित वाण बहुधा साध्या खुंटावर कलम केलेले असतात. कलमाच्या जागी गाठ राहते, आणि खुंट व वाण वेगळ्या वेगाने जाड झाल्यास ती वर्षांगणिक अधिक ठळक होते. त्यावर उपाय म्हणजे कलमाच्या वर गुटी कलम करणे. वसंताच्या अखेरीस सालीचा वर्तुळाकार पट्टा काढून तेथे ओले शेवाळ बांधतात. मुळे फुटली की वरचा भाग स्वतःच्या मुळांवर वेगळा होतो, आणि ही मुळे चहूबाजूंनी सारखी पसरलेली असतात.

रोप आधी जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत दोन-तीन वर्षे मोकळे वाढू देतात. मग हिवाळा संपताना, डोळे फुगण्याच्या सुमारास, खोड ठरवलेल्या उंचीच्या सुमारे एक तृतीयांशावर कापतात. खालून फुटलेल्या एका कोंबाला नवा शेंडा म्हणून वाढवतात. तो पुरेसा जाड झाला की पुन्हा कापतात. प्रत्येक कापणीनंतरचा भाग आधीच्या भागापेक्षा बारीक असल्याने खोडाला निमुळतेपणा येतो. उथळ कुंडी यानंतर येते.

५. महादेवपुऱ्यात मेपलची अडचण

मेपल हा पानझडी, समशीतोष्ण प्रदेशातील वृक्ष आहे. दिवस लहान होऊ लागले आणि थंडी वाढली की तो सुप्तावस्थेत जातो. ती मोडण्यासाठी त्याला सुमारे शून्य ते सात अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी कित्येक आठवडे लागते. ही थंडी मिळाली तरच वसंतात सर्व डोळे एकदम आणि जोमाने फुटतात.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे, म्हणून हवा सुखद वाटते. पण डिसेंबर-जानेवारीतील सरासरी किमान तापमान १५-१६ अंशांच्या आसपास असते. शहराचे नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.८ अंश, तेही जानेवारी १८८४ मधले. म्हणजे मेपलला जी थंडी आठवडेच्या आठवडे हवी, ती येथे विक्रमी रात्रीही नीट मिळाली नाही. दिवसाच्या लांबीचेही तसेच. बेंगळुरूत वर्षातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम दीड तासाचा फरक पडतो, तर टोकियोत तो पाच तासांच्या जवळ जातो.

परिणामी मेपल पूर्ण विश्रांती घेत नाही. डोळे वेडेवाकडे, थोडे थोडे फुटतात. साठवलेले अन्न खर्च होत राहते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात पानांच्या कडा करपतात. रोप लगेच मरत नाही, आणि हीच फसगत आहे : दरवर्षी ते थोडे अशक्त होते, आणि अशक्त रोपावर खोड कापण्याचे काम करता येत नाही. शिमला, नैनिताल, गंगटोक किंवा उटकमंडसारख्या थंड ठिकाणच्या विद्यार्थ्याने मेपल जरूर करून पाहावा. मैदानातल्या आणि दख्खनच्या पठारावरच्या विद्यार्थ्याने तत्त्व मेपलचे घ्यावे, रोप मात्र आपल्या हवेचे घ्यावे.

६. पर्याय : नांद्रुक

नांद्रुक, म्हणजे फायकस मायक्रोकार्पा, हा वड-पिंपळ-उंबराच्या कुळातील वृक्ष भारतात नैसर्गिकरीत्या आढळतो. त्याला थंडीची गरज नाही. जुन्या लाकडावरही त्याला नवे डोळे फुटतात, जखमा लवकर भरतात, आणि दमट हवेत पारंब्याही येतात. नर्सरीत त्याची रोपे काही शेकडा रुपयांत मिळतात. मुंबईच्या ज्योती व निकुंज पारेख या दांपत्याने फायकसच्या बोन्सायवर स्वतंत्र इंग्रजी पुस्तकच लिहिले आहे. जुने नमुने पाहण्यासाठी बेंगळुरूच्या लालबागेतील बोन्साय विभाग आणि म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद आश्रमातील किष्किंधा मूलिका बोन्साय उद्यान ही जवळची ठिकाणे आहेत.

*रोप निवडताना.* पानांकडे आधी पाहू नये. वरची माती बोटाने बाजूला करून बुंधा पाहावा. मुळे निदान तीन दिशांना गेलेली असावीत, एकमेकांभोवती गुंडाळलेली नसावीत. खोडाला खालीच थोडे वळण आणि फांदी असल्यास उत्तम. उंची निरुपयोगी आहे, कारण ती कापलीच जाणार आहे.

*पहिली तीन वर्षे.* फेब्रुवारीअखेर ते जून या काळात रोप मोठ्या कुंडीत किंवा वाढपिशवीत हलवावे. गुंडाळलेली मुळे सोडवावीत, सरळ खाली जाणारे जाड मूळ आखूड करावे. नंतर निदान चार-पाच तास ऊन मिळेल अशा जागी रोप मोकळे वाढू द्यावे. खालची एखादी फांदी मुद्दाम लांब वाढू द्यावी. तिच्यामुळे बुंधा जाड होतो, आणि काम झाले की ती कापून टाकतात.

*तिसऱ्या वर्षापासून.* बुंधा हवा तेवढा जाड झाल्यावर खोड कापावे. पांढरा चीक ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. पुढे प्रत्येक फांदीला सहा-आठ पाने येऊ द्यावीत आणि दोन-तीन ठेवून कापावे. तार बांधल्यास दर आठवड्याला पाहावी, कारण जोमात असलेल्या फांदीत ती लवकर रुतते. फायकस बेंजामिना हे रोप घेतले असल्यास एक सावधगिरी हवी : त्याची फांदी पूर्ण पर्णहीन केली तर ती वाळू शकते, म्हणून टोकाशी थोडी पाने ठेवावीत. उथळ कुंडीत लावण्याचा टप्पा साधारण पाचव्या वर्षानंतरचा समजावा.

७. माती आणि पाणी

कुंडीच्या तळाशी पाण्याने पूर्ण भरलेला एक थर नेहमी राहतो. त्याची उंची मातीच्या कणांच्या आकारावर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नाही. समजा एका मातीत हा थर ३ सेंमी आहे. २० सेंमी खोल कुंडीत तो १५ टक्के जागा व्यापतो, ५ सेंमी खोल कुंडीत मात्र ६० टक्के. म्हणून उथळ कुंडीत नेहमीची बागेची माती मुळे कुजवते. विटांचे २ ते ५ मिमीचे चाळलेले तुकडे, जाड वाळू आणि थोडे कोकोपीट किंवा चांगले कुजलेले खत असे भरड मिश्रण वापरावे. तळाशी खडी घालून हा थर नाहीसा होत नाही, तो फक्त वर सरकतो.

पाण्याचा प्रश्न महादेवपुऱ्यात केवळ बागेचा नाही. हा भाग दीर्घकाळ बोअरवेल आणि टँकरवर अवलंबून राहिला आहे. मार्च २०२४ च्या टंचाईत बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने बागेसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरवला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. तरीही पाणी जपून वापरण्याचा धडा कायम आहे. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी एका-दोन कुंड्यांना पुरते. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र वापरू नये, त्यात क्षार एकवटलेले असतात. बोअरवेलच्या कठीण पाण्याने मातीचा सामू वाढतो, मुळांना लोह मिळेनासे होते आणि नव्या पानांवर केवडा दिसतो : शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. पावसाळ्यात कुंडी उघड्या पावसात ठेवली की साचलेले क्षार धुऊन निघतात.

एक सूचना सुरक्षिततेची. छाटलेल्या नांद्रुकाचा रुजलेला तुकडा इमारतीच्या कठड्याजवळ किंवा पाइपाच्या फटीत टाकू नये. या कुळाची मुळे भिंती फोडतात.

८. सारांश

बोन्साय घडवणे म्हणजे आधी वाढवणे आणि मग आवरणे. खोड पानांमुळे जाड होते, डहाळ्या छाटणीमुळे वाढतात, म्हणून क्रम बदलू नये. मेपलवर विकसित झालेली पद्धत सर्वत्र उपयोगी आहे, पण मेपल सर्वत्र उपयोगी नाही. आपल्या गावाचे जानेवारीतील किमान तापमान रोप विकत घेण्यापूर्वी पाहावे. ते पाहायला एक मिनिट लागते, न पाहिल्यास पाच वर्षे जाऊ शकतात.

९. स्वाध्याय

१. ४२ सेंमी उंचीच्या बोन्सायला बुंध्याशी किती जाडी हवी? आपल्या जवळच्या नर्सरीतील तीन रोपांच्या बुंध्याची जाडी मोजून तुलना करा.
२. नवे रोप लगेच उथळ कुंडीत लावल्यास खोड जाड का होत नाही, हे नलिका प्रतिमानाच्या आधारे लिहा.
३. ओल्या थराची उंची ४ सेंमी असल्यास ८ सेंमी आणि १६ सेंमी खोल कुंड्यांत तो किती टक्के जागा व्यापेल?
४. आपल्या जिल्ह्यातील हिवाळी तापमान शोधा आणि तेथे बोन्सायसाठी योग्य असे एक स्थानिक झाड कारणांसह सुचवा.