कान की वाचा?

बारावी विज्ञाननंतर चार वर्षे, त्यात शेवटी इंटर्नशिप. एवढे झाले की ‘बी.ए.एस.एल.पी.’ ही पदवी मिळते. तिचे पूर्ण नाव बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी. ते उच्चारताना नातेवाइकांची जीभ अडखळते, म्हणून घरात ‘मुलगी स्पीच थेरपी शिकते’ एवढ्यावरच भागते. पदवी घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण खूप जास्त आहे. इंटर्नशिप संपत आली की त्यांच्यापुढे एक अर्ज येतो, पदव्युत्तर प्रवेशाचा. टक्केवारी, जातीचा दाखला, परीक्षा केंद्र हे सारे रकाने भरले जातात. एक रकाना मात्र रिकामा राहतो आणि तोच पुढच्या तीस वर्षांचा निकाल लावतो. विषय कोणता? श्रवणशास्त्र की वाचा-भाषा? सरळ शब्दांत, कान की वाचा?

आपल्याकडे पदवीत हे दोन्ही विषय एकत्र शिकवतात. पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी केली की कान तपासण्याचे आणि वाचोपचाराचे, अशी दोन्ही कामे स्वतंत्रपणे करता येतात. म्हणजे पोट भरण्यासाठी पदव्युत्तर शिक्षणाची सक्ती नाही. अमेरिकेत तशी सोय नाही. तिथे पदव्युत्तर पदवीशिवाय वाचातज्ज्ञ म्हणून पूर्ण मान्यता मिळत नाही आणि श्रवणतज्ज्ञाला तर डॉक्टरेट करावी लागते. आपल्याकडे मात्र हा अर्ज भरणारी मुलगी खरे तर एक दार उघडते आणि दुसरे थोडे लोटून घेते. काही ठिकाणी दोन्ही विषयांचा एकत्रित ‘एम.ए.एस.एल.पी.’ आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, मणिपाल, चेन्नईचे श्री रामचंद्र अशा ठिकाणी ऑडिओलॉजी आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी या दोन वेगळ्या एम.एस्सी. आहेत. दोन वर्षे, चार सत्रे.

निवड करताना बाजार कोणत्या बाजूला ओढतो हे कोणी उघड बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते. श्रवणयंत्रे विकली जातात. यंत्र आहे म्हणून कंपनी आहे, कंपनी आहे म्हणून नोकरी, पगार, शहरातले वातानुकूलित दुकान. कानाच्या तपासणीचा आलेख त्याच दिवशी हातात पडतो आणि त्याचे पैसेही त्याच दिवशी मिळतात. वाचोपचारात विकण्यासारखे काही नसते. एका मुलासाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा, महिनोन् महिने बसावे लागते. पालकांचा बसभाड्याचा आणि बुडालेल्या रोजाचा हिशेब जमेनासा झाला की मूल येणे बंद होते. चार महिन्यांच्या मेहनतीनंतर मुलाने ‘आई, पाणी दे’ असे तीन शब्द जोडून म्हटले, तर तो मोठा विजय असतो. पण त्याचे बिल कसे करायचे?

श्रवणशास्त्र कमी महत्त्वाचे आहे, असे अजिबात नाही. नवजात बाळाची ऐकण्याची चाचणी वेळेत झाली नाही तर पुढचे सारेच हुकते. केंद्राच्या ‘ॲडिप’ योजनेतून लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट बसवले जाते. त्या कामाचा समन्वय मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था करते. महाराष्ट्राच्या एका माजी राज्यपालांचे नाव लावणारी ही संस्था १९८३ साली सुरू झाली. पण शस्त्रक्रिया झाली म्हणजे मूल बोलू लागले, असे नाही. इम्प्लांट आवाज पोहोचवते. त्या आवाजाला अर्थ आहे, तो ओळखायचा आहे आणि मग स्वतःच्या तोंडून काढायचा आहे, हे मुलाला महिनोन् महिने शिकवावे लागते. लाखो रुपयांचे यंत्र कानात असूनही जवळपास शिकवणारे कोणी नाही म्हणून मूल मुकेच राहिले, तर खर्च कशावर झाला म्हणायचा?

वाचातज्ज्ञाचे काम म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे बोबडे बोलणारे मूल येते. तेही काम आहेच. ‘बापही उशिरा बोलला होता’ म्हणत वर्षे घालवायची, वेखंड चाटवायचे आणि शाळेत नाव घालायची वेळ आली की धावाधाव करायची, हा क्रम अजून पुरता मोडलेला नाही. पण पदव्युत्तर अर्ज करणाऱ्या मुलीने या व्यवसायाचे दुसरे टोक पाहिलेले असले पाहिजे. ते टोक मोठ्या माणसांच्या वॉर्डात आहे.

पक्षाघात झालेल्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश जणांना वाचाघात होतो. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी १८६१ साली एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. तो माणूस हयातीत ‘टॅन’ एवढाच आवाज काढू शकत असे. मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात त्यांना इजा दिसली. बोलण्याची जागा मेंदूत आहे, हे तेव्हापासून वैद्यकाला पटले. १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार मांडला. त्यात रुग्ण सलग बोलतो, पण बोलण्यात अर्थ नसतो आणि समोरच्याचे त्याला उमजत नाही. अशा रुग्णाला घरचे लोक ‘भ्रमिष्ट झाले’ म्हणतात. वाचाघात झालेल्याची बुद्धी शाबूत असू शकते. बँकेचे खाते कोणते, मुलीचे लग्न कुठे ठरले, सारे आठवते, शब्द तेवढा निघत नाही. सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत. नेमक्या त्याच काळात रुग्णाला ‘आता घरी मालिश करा’ असे सांगून सुट्टी दिली जाते. हात-पायांसाठी फिजिओथेरपिस्टचे नाव कागदावर लिहिलेले असते. वाचेसाठी बहुधा कोणाचेच नसते.

त्याहून तातडीचा प्रश्न गिळण्याचा. पक्षाघाताच्या सुरुवातीच्या दिवसांत बऱ्याच रुग्णांना नीट गिळता येत नाही. खाटेवर आडव्या पडलेल्या आजोबांना सून मायेने चहा-बिस्कीट भरवते. ठसका लागला तर निदान कळते. घशाची संवेदना गेली असेल तर ठसकाही लागत नाही आणि चहा गुपचूप श्वासनलिकेत उतरतो. चार दिवसांनी ताप येतो, छातीत खरखर सुरू होते आणि केसपेपरवर ‘न्यूमोनिया’ लिहिले जाते. प्रशिक्षित वाचातज्ज्ञ खाटेशी उभी राहून चमचाभर पाणी देते, गळ्यावर बोट ठेवून गिळण्याची हालचाल पाहते आणि गिळल्यावर ‘आ’ म्हणायला लावते. आवाज ओलसर, गुळण्या केल्यासारखा आला तर ती थांबते. गरज पडल्यास क्ष-किरणांखाली किंवा नाकातून दुर्बीण घालून तपासणी होते. मग मान कशी धरायची, पेज किती दाट हवी, नाकातली नळी कधी काढायची, हे ठरते. हे काम जीव वाचवणारे आहे. तरी अनेक रुग्णालयांत ते आयाबाईंच्या अंदाजावर चालते.

तिसरा वर्ग घशाच्या कर्करोगाचा. विडी-तंबाखूपायी स्वरयंत्र काढावे लागलेला माणूस शुद्धीवर येतो तेव्हा त्याचा आवाज गेलेला असतो. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छोटी झडप बसवून त्याला पुन्हा बोलते करता येते. झडप शल्यविशारद बसवतो, बोलायला वाचातज्ज्ञ शिकवते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात हे काम नेहमीचे आहे. गावाकडचा रुग्ण मात्र परत गेला की झडप गळू लागल्यावर कोणाकडे जायचे, हे त्याला कळत नाही.

म्हणून कोठे अर्ज करायचा, हे ठरवताना संस्थेच्या नावापेक्षा तिला जोडलेले रुग्णालय पाहावे. मुंबईत टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाची शाखा जुनी आहे. पुण्यात भारती विद्यापीठात हे शिक्षण मिळते. माहितीपुस्तिकेतल्या इमारतीच्या छायाचित्रांवरून काही कळत नाही. वरच्या वर्गातल्या मुलींना थेट विचारावे: पक्षाघाताचे किती रुग्ण स्वतः हाताळलेत? गिळण्याची दुर्बीण तपासणी जवळून पाहिलीत का? नवजात अतिदक्षता विभागात पोस्टिंग असते का? ‘सर करतात, आम्ही मागे उभ्या असतो’ असे उत्तर आले तर विचार करावा. प्रवेशाची पद्धत संस्थेगणिक बदलते. म्हैसूरला देशपातळीवर प्रवेश परीक्षा असते. इतरत्र कुठे परीक्षा, कुठे गुण, कुठे मुलाखत. त्या त्या वर्षीची सूचना स्वतः वाचावी, मैत्रिणीने पाठवलेल्या मोबाइलवरच्या फोटोवर विसंबू नये. अभ्यासक्रमाला पुनर्वास परिषदेची मान्यता चालू आहे ना, हेही तपासावे.

मान्यतेचा मुद्दा पालकांसाठीही आहे. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हजार रुपयांना आज कोण भितो, हा भाग वेगळा. एका वर्षाची ‘डी.एच.एल.एस.’ ही पदविका आहे. ती मान्यताप्राप्त आहे आणि उपयोगीही आहे, पण ती तज्ज्ञांचे सहायक तयार करण्यासाठी. तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर ‘चाइल्ड स्पीच सेंटर’ची पाटी लावणाऱ्यांचे काय, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे: नोंदणी क्रमांक मागा. खरी तज्ज्ञ तो आनंदाने दाखवते.

परदेशाचा विचार करणाऱ्या मुलीही कमी नाहीत आणि त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणात ४०० तासांचे प्रात्यक्षिक काम लागते, त्यातले २५ तास निरीक्षणाचे. त्यानंतर देखरेखीखाली निदान ३६ आठवड्यांची फेलोशिप. शिक्षण शिस्तीचे आहे, खर्चही तसाच आहे. कर्ज काढून गेलेली मुलगी कर्ज फिटेपर्यंत तरी परतत नाही, हा साधा हिशेब आहे.

पण एक गोष्ट परदेशात शिकायला मिळत नाही. मराठी. वाचा-भाषातज्ज्ञाचे हत्यार म्हणजे रुग्णाची भाषा. इंग्रजी चाचणीत मूल एकवचनाचे अनेकवचन करते का, हे पाहतात. मराठी मुलाला त्याहून अवघड गोष्टी साधाव्या लागतात. ‘मी भाकरी खाल्ली’ आणि ‘मी आंबा खाल्ला’, यात खाणारा तोच, तरी क्रियापद बदलते ते खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे. वाचाघाताच्या रुग्णाची नेमकी ही सांगड सुटू शकते. इंग्रजी चाचणीच्या शब्दशः भाषांतरात ती चूक पकडायला जागाच नसते. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘मन’ आणि ‘मण’ वेगळे ऐकू येणे, ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च निराळा उच्चारणे, हे मराठी मुलाच्या वाट्याचे प्रश्न आहेत.

त्यातही प्रमाण मराठीचा आग्रह धरणारी तज्ज्ञ विदर्भात गेली तर ‘तो जाऊन राहिला’ या वाक्याला चूक म्हणून खूण करील. ते वाक्य वऱ्हाडीत पूर्ण शुद्ध आहे. मेळघाटातले घरी कोरकू बोलणारे मूल पहिलीत गप्प बसते, तेव्हा त्याला भाषादोष आहे की केवळ शाळेची भाषा परकी आहे, हे कोणी ठरवायचे? चुकीचे ठरले तर धडधाकट मुलावर ‘मंद’ असा शिक्का बसतो, किंवा खरोखर मदतीची गरज असलेले मूल ‘आदिवासी आहे, शिकेल हळूहळू’ म्हणून सुटून जाते.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांमध्ये शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची कल्पना मांडली गेली. त्या केंद्राच्या चमूत श्रवण आणि वाचातज्ज्ञाची जागा धरलेली आहे. ती कंत्राटी असते, मानधन बेताचे असते. पदव्युत्तर झालेली मुलगी तिथे का टिकावी, याचे उत्तर शासनाने द्यायचे आहे. तिच्या सेवाभावावर ते सोपवणे बरे नव्हे.

मुलाखत किंवा उद्देशपत्र असेल तर बहुतेक अर्जदार ‘मला लहानपणापासून लोकांना मदत करायची आवड आहे’ असे लिहितात. परीक्षकांनी ते वाक्य शेकडो वेळा वाचलेले असते. त्यापेक्षा इंटर्नशिपमधला एखादा रुग्ण लिहावा, नाव न देता. काय बिघडले होते, कोणती चाचणी केली, ती कुठे अपुरी पडली, पुढे काय शिकायचे आहे. अर्धे पान पुरते.

आणि दोन वर्षांत एक प्रबंधही लिहायचा असतो. त्याचा विषय आधीच डोक्यात असेल तर उत्तम. महागडे यंत्र लागेलच असे नाही. एखाद्या तालुक्याच्या अंगणवाडीत चित्रांचे पत्ते घेऊन बसायचे. फळा, केळे, बाळ, डोळा दाखवायचे. तीन वर्षांचे मूल ‘डोला’ म्हणते की ‘डोळा’, साडेतीनचे काय म्हणते, चारचे काय, घरात अहिराणी असेल तर काय आणि मालवणी असेल तर काय, हे वहीत उतरवायचे. पुरेशी मुले झाली की कोणत्या वयापर्यंत ‘ळ’ची वाट पाहायची आणि कधी उपचार सुरू करायचे, हे त्या भागातल्या पालकांना सांगता येते.