कुंडीतील डँडेलियन

ज्या वनस्पतीच्या उच्चाटनासाठी अमेरिकेतील गृहस्थ आपल्या हिरवळीवर तणनाशके फवारतात, तीच डँडेलियन फ्रान्समधील भाजीबागांत एकोणिसाव्या शतकापासून बुद्ध्या पेरली जाते आणि तिची कोवळी पाने व्हिनेगर लावून कोशिंबिरीत आवडीने खाल्ली जातात, ही गोष्ट मला अत्यंत उद्बोधक वाटते. सोटमूळ सरळ खाली उतरत असल्याने कुंडी निदान फूटभर खोल असावी; बियांना रुजण्यास प्रकाश हितकर असल्यामुळे त्या मातीत खोल न पुरता पृष्ठभागावर हलकेच दाबाव्यात. पाने कडू लागतात अशी ज्यांची तक्रार असेल, त्यांनी फ्रेंच माळ्यांची तजवीज जरूर अवलंबावी: भरलेल्या रोपावर रिकामी कुंडी पालथी घालून, तिच्या बुडाचे छिद्रही झाकून, आठवडा-दीड आठवडा उजेडाचा पूर्ण बंदोबस्त केला, की आतली पाने फिकट पिवळी, कुरकुरीत व पुष्कळच सौम्य होतात. फुले मात्र वेळीच खुडावीत, कारण बहुतेक डँडेलियन फलनावाचूनही बी धरते. दख्खनमध्ये भाकरीबरोबर कच्ची खातात ती पाथरी हिच्याच कुळातली. तिचाही देठ मोडताच डँडेलियनसारखाच पांढरा चीक पाझरतो. डँडेलियनच्या पानांत ‘के’ जीवनसत्त्व विपुल असल्याने वॉरफरीन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.