उदारता आणि उधळपट्टी : नाताळच्या निमित्ताने

आजचं व्याख्यान मी एका कबुलीने सुरू करतो. मी आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं, पण गेल्या वर्षी २६ डिसेंबरच्या सकाळी कचऱ्याच्या घंटागाडीवरच्या ताईंनी मला त्यातला एक धडा शिकवला. आमच्या घरी नाताळला आम्ही सहा माणसं होतो. दुसऱ्या दिवशी मी दोन गच्च भरलेल्या पिशव्या घेऊन दारात उभा राहिलो. त्यात चमकीचा कागद, फिती, कागदी पेले होते आणि त्यातच खरकटा केक आणि बिर्याणी. ताईंनी पिशवी उघडून पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, "सर, हे आता मी हातानं वेगळं करायचं का?"

मला उत्तर देता आलं नाही.

आपल्या शहराला हा प्रश्न नवा नाही. फेब्रुवारी २०१८ आठवा. नारेगावात कित्येक दशकं आपला कचरा पडत होता. तिथल्या गावकऱ्यांनी एक दिवस गाड्या अडवल्या. मग शहरभर ढीग साचले. पर्यायी जागा शोधताना मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक झाली, पोलीस बळ वापरलं गेलं. आपण तेव्हा महापालिकेला दोष दिला, तो द्यायलाही हवा होता. पण नारेगावच्या माणसांचा प्रश्न साधा होता: तुमच्या घरातली घाण आमच्या विहिरीशेजारी का? हा तत्त्वज्ञानातला न्यायाचाच प्रश्न आहे. आनंद एकाचा आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरायची, असं चालेल का?

आता घरातली गोष्ट. मी म्हटलं, यंदा भेटवस्तू कमी करू. सूनबाई लगेच म्हणाली, "बाबा, लेकराच्या सणात कंजूसपणा नको." मला सुरुवातीला राग आला. पण विचार केल्यावर वाटलं, तिचं म्हणणं वरवरचं नाही. सण म्हणजे हात सैल सोडायचा दिवस. रोजच्या काटकसरीतून एक दिवस सुटका. तो काढून घेतला तर उरतं काय?

इथे ॲरिस्टॉटल मदतीला येतो. तो उदारतेला दोन दोषांच्या मधे ठेवतो. एका बाजूला कंजूषपणा, दुसऱ्या बाजूला उधळपट्टी. आपण समजतो की उधळपट्टी म्हणजे जास्त झालेली उदारता. तसं नाही. उदार माणूस योग्य माणसाला, योग्य वेळी, योग्य तेवढं देतो. त्याचं लक्ष घेणाऱ्याकडे असतं. उधळ्याला आपण कुणाला काय देतोय याचंच भान नसतं. माझ्या नातीला गेल्या वर्षी सात खेळणी मिळाली. आज त्यातली दोनच तिला आठवतात. मग बाकीची पाच कुणासाठी होती? मला वाटतं, आम्हा मोठ्यांच्या समाधानासाठी.

दुसरा माणूस आपल्या महाराष्ट्रात राहून गेलेला. जे. सी. कुमारप्पा. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात १८९२ साली जन्मलेले, पेशाने हिशेबतपासनीस. वर्ध्याला मगनवाडीत त्यांनी ग्रामोद्योग संघाचं काम उभं केलं. तुरुंगात असताना त्यांनी चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. त्यातला एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही गोष्टी साठ्यातून येतात: कोळसा, खनिज तेल. वापरलं की साठा घटला. काही प्रवाहातून येतात: नदीचं पाणी, जंगलाची वाढ. जपून वापरलं तर त्या येतच राहतात. आता आपला नाताळ तपासा. प्लॅस्टिकची फीत साठ्यातून येते, पाच मिनिटं वापरली जाते आणि पुढे कित्येक वर्षं मातीत पडून राहते. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, झेंडूची फुलं हे प्रवाहातलं.

आमच्या लहानपणी तारा घरीच व्हायचा. कामट्या, खळ, पतंगी कागद. झाडावर बर्फ म्हणून कापूस. मराठवाड्यात बर्फ कुठला, कापूस मात्र भरपूर. सण संपला की आई तोच कापूस उशीत भरायची. नानकटाईचं पीठ डब्यातून बेकरीच्या भट्टीवर जायचं. करंज्या, शंकरपाळ्यांची ताटं शेजारी जायची आणि दिवाळीला त्यांची आमच्याकडे यायची. ताट रिकामं परत द्यायचं नाही, हा नियम. गरिबी होती, हे मी विसरत नाही. त्या गरिबीचे गोडवे मला गायचे नाहीत. पण देणंघेणं आजच्यापेक्षा कमी नव्हतं.

मग आम्ही घरी चार गोष्टी ठरवल्या. लेकराला प्रत्येकाकडून वेगळी नाही, सगळ्यांची मिळून एकच वस्तू, तिच्या पसंतीची. गुंडाळायला जुनी ओढणी नाहीतर वर्तमानपत्र. चमकीचा, प्लॅस्टिकचा थर असलेला कागद रद्दीवालाही घेत नाही. जेवायला स्टीलची ताटं, आणि भांडी घासायला पुरुषांनी बसायचं. नाहीतर पर्यावरणाचा भार घरातल्या बाईवरच पडतो. आणि ओला-सुका कचरा पहिल्यापासून वेगळा. सूनबाईने पाचवी गोष्ट घातली: जेवणाला माणसं मात्र कमी करायची नाहीत. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

शेवटी एक प्रसंग. पाच भाकरी, दोन मासे आणि पाच हजारांचं जेवण, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. आपण चमत्काराशी थांबतो. योहानाच्या शुभवर्तमानात पुढे येतं की सगळे तृप्त झाल्यावर येशूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरल्या. ज्याच्याकडे इतकं होतं, त्यालाही उरलेल्याची काळजी होती. भरभरून वाढणं आणि तुकडे वेचणं, दोन्ही एकाच हाताने झालं.

यंदा २६ तारखेला मी पुन्हा दारात उभा राहणार आहे. दोन डबे वेगवेगळे असतील. ताईंना द्यायला करंज्यांचं ताटही असेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.