नवी रॅम घेण्याआधी खोडरबर घ्या

माघी गणपतीच्या तोंडावर पेणमधल्या एका दुरुस्तीच्या दुकानात हमरापूरच्या एका गणेशमूर्ती कारखानदार काकांनी धुळीने पांढरा पडलेला सीपीयू आणून ठेवला. ‘‘डिस्प्लेच येत नाही. रॅम गेली म्हणतात. नवीन केवढ्याला पडेल?’’ दुकानातल्या पोराने भाव सांगितला आणि काका गप्पच झाले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्यापासून भाव कुठे गेलेत, हे आता सगळ्यांना माहीत आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये ‘क्रुशल’ या नावाने चालणारी किरकोळ विक्रीच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

‘‘काका, जरा थांबा,’’ पोरगा म्हणाला. त्याने वायर काढली, पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून आतली उरलेली वीज घालवली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या उपसल्या. सोनेरी दात काळपट पडले होते. पावसाळाभराची दमट हवा आणि वर प्लास्टरची धूळ! पांढऱ्या मऊ खोडरबरने त्याने दात हलक्या हाताने पुसले, भुगा झटकला, स्लॉटमध्ये ब्रश फिरवला आणि एकच पट्टी बसवली. दोन्ही बाजूंनी ‘टक्’ आवाज येईपर्यंत. डिस्प्ले आला.

पुष्कळ जण इथेच थांबतात, आणि माझा आग्रह आहे की इथे थांबू नये. मशीन चालू झालं म्हणजे रॅम बरी झाली, असं नव्हे. पूर्ण मेलेली रॅम परवडली, निदान ती लपत नाही. अर्धवट बिघडलेली गुपचूप आकडे बदलते. बेल्जियममधल्या स्कारबेक इथे 2003 च्या निवडणुकीत एका उमेदवाराला 4,096 मतं जास्तीची पडलेली दिसली. 4,096 म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजेच संगणकाच्या आकड्यातला नेमका एक बिट उलटला होता. तो अंतराळातून आलेल्या किरणांनी उलटला असावा असा तर्क झाला, पण सिद्ध काहीच झालं नाही. काकांच्या ऑर्डरच्या यादीत असाच एक बिट उलटला, तर 12 चे 28 होतात. बारा इंची मूर्ती मागणाऱ्याला अठ्ठावीस इंची गेली, तर दोष यादी लिहिणाऱ्याच्या माथी यायचा.

म्हणून चाचणी करा. विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ असतंच, पण माझा भरवसा मेमटेस्ट86+ वर. फुकट आहे, पेन ड्राइव्हवरून चालतं. रात्री लावा, सकाळी बघा. त्यात एकही चूक चालत नाही, शून्यच हवं. चूक दिसली तर एकेक पट्टी वेगवेगळ्या स्लॉटमध्ये तपासा. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब, एकाच स्लॉटमध्ये राहिली तर दुखणं मदरबोर्डचं किंवा प्रोसेसरचं. संशयित पट्टी काढल्याशिवाय बॅकअप घेऊ नका, नाहीतर कॉपी होता होताच फायली बिघडतील.

रोह्यातल्या एका फोटोग्राफरची तऱ्हा निराळी. खोडरबरचा तिथे काही उपयोग नव्हता. एडिटिंग करताना निळा स्क्रीन यायचा, आणि पट्ट्या तर नव्याकोऱ्या. बायोसमध्ये एक्सएमपी चालू होतं. खोक्यावर छापलेला वेग याच सेटिंगने मिळतो, पण तो बहुतेकदा ठरलेल्या मानकापेक्षा जास्त ताणलेला असतो. डीडीआर4 चा मूळ व्होल्टेज 1.2, एक्सएमपीत तो साधारण 1.35 होतो. प्रत्येक प्रोसेसर हा ताण झेलतोच असं नाही. एक्सएमपी बंद केलं, स्क्रीन निळा पडायचा थांबला. मग 3600 ऐवजी 3200 वर ठेवून रात्रभर चाचणी केली. निकाल शून्य. फोटो एक्सपोर्ट व्हायला किंचित जास्त वेळ लागतो, एवढंच.

बायोसमध्ये हात घालण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला. व्होल्टेज स्वतःहून वाढवू नका. मशीन उठलंच नाही तर पॉवर काढून बोर्डावरचा सीआर2032 सेल थोडा वेळ बाहेर ठेवा, सेटिंग मूळपदावर येतात. डीडीआर5 ची नवी पट्टी घातल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं काळा स्क्रीन राहू शकतो, कारण बोर्ड मेमरीशी जुळवून घेत असतो. तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका. आणि बायोस अपडेट? पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. यूपीएस नसेल तर त्या वाटेला जाऊच नका.

हमरापूरच्या काकांची दुसरी पट्टी रात्रीच्या चाचणीत नापास झाली. त्यांनी लगेच पाकीट काढलं, पण पोराने आधी जुनं बिल मागितलं. कित्येक कंपन्या रॅमला दीर्घ मुदतीची वॉरंटी देतात, आणि आजच्या भावात तो कागद जपून ठेवण्याजोगा आहे. ‘‘बिल घरी आहे, वहीत,’’ काका म्हणाले. पट्टीवरचा स्टिकर शाबूत होता. पोराने ती कागदात गुंडाळून वर तारीख घातली, आणि काका एका पट्टीवर चालणारं मशीन घेऊन कारखान्यात परतले.